दंतवैद्य मुबलक, पदे मोजकी

देशात वानवा दंतवैद्यांची नाही, त्यांच्यासाठीच्या सरकारी पदांची आहे. तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. सार्वजनिक आरोग्य सेवेच्या 2012 च्या मानकांत मात्र सपाट प्रदेशातील सुमारे 1 लाख 20 हजार लोकसंख्येच्या सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी एकच दंतशल्यचिकित्सक धरला होता.

केंद्राच्या सेवेत नियमित पद मिळालेल्याची तक्रार फारशी उरलेली नाही. ऑक्टोबर 2008 च्या आदेशाने दंतवैद्यांनाही 4, 9, 13 आणि 20 वर्षांच्या टप्प्यांवर कालबद्ध पदोन्नती मिळाली. सातव्या वेतन आयोगानंतर 20 टक्के व्यवसायरोध भत्ताही लागू झाला. तरीही दुय्यमपणाची छटा राहिलीच. केंद्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय 65 करण्याचा निर्णय मे 2016 मध्ये झाला. दंतवैद्यांना त्यासाठी सप्टेंबर 2017 ची वाट पाहावी लागली.

खरी विषमता राज्यांत आहे. 2014-15 मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि दंतखुर्ची, साहित्य व कंत्राटी मनुष्यबळ यांसाठी केंद्राचा निधी मिळू लागला. बहुतेक राज्यांत या खर्चाची वाटणी 60:40 अशी आहे. कायम पद निर्माण केले, तर वेतन, वेतनवाढ आणि निवृत्तिलाभ यांचा अनेक दशकांचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. कंत्राटी पद वार्षिक आराखड्यात बसते. केंद्राला कार्यक्रम राबविल्याचे समाधान, राज्याला दायित्वातून सुटका. पदवी तीच, खुर्ची तीच. पण एकाला वेतनश्रेणी, तर दुसऱ्याला एकत्रित मानधन आणि पुढील नियुक्तीची टांगती तलवार.

हा केवळ सेवाशर्तींचा वाद नाही. भारतीय पुरुषांत ओठ व तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण आहे. 2018 मध्ये घोषित झालेल्या आरोग्य केंद्रांच्या योजनेत मौखिक आरोग्याचा समावेश झाला. गावातील समुदाय आरोग्य अधिकारी तोंडातील संशयास्पद पांढरा चट्टा ओळखून रुग्णाला पुढे पाठवू शकतो. परंतु पुढच्या रुग्णालयातील दंतवैद्याची खुर्ची रिकामी असेल, तर रोजंदारी बुडवून जिल्ह्याचे ठिकाण गाठणे अनेकांना परवडत नाही. चट्ट्याचे निदान मग व्रण झाल्यावरच होते.

2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. त्याचा रोख शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचार यांवर आहे. रुग्णालयात पदे निर्माण करणे त्याच्या कक्षेत येत नाही. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ती सही राज्यांच्या वित्त विभागाचीच लागते. महाविद्यालयांना परवानगी देताना दाखविलेल्या औदार्याचा अंश जरी पदनिर्मितीच्या नस्तीवर उमटला, तरी पदवीधर आणि रुग्ण यांच्यातील अंतर बरेच कमी होईल.