डावे आणि व्हीगन: शोषणाला दोघांचाही विरोध, मग भांडण कशावरून?

सोशल मीडियावर कुणी 'मी व्हीगन झालो' असं लिहिलं की कमेंटमध्ये वाद ठरलेला. हा वाद शाकाहारी विरुद्ध मांसाहारी असा असेल, असं आपण धरून चालतो. पण त्यातली कडाक्याची भांडणं बऱ्याचदा एकाच गोटात होतात, डाव्यांच्या. 'शोषणाला विरोध करता, मग प्राण्यांचं शोषण कसं चालतं?' असं एक बाजू विचारते. 'गरिबाच्या ताटात डोकावणं हे पोट भरलेल्यांचं राजकारण आहे,' असं दुसरी सुनावते. हा वाद नेमका काय आहे आणि भारतात आल्यावर तो आणखी अवघड का होतो, ते पाहू.

व्हीगन म्हणजे शाकाहारी नव्हे

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांस-मासे तर नाहीतच, पण दूध, तूप, अंडी, मध, चामडं, रेशीम हेही शक्य तितकं टाळायचं. आक्षेप फक्त मारण्याला नाही. प्राण्याला माणसाच्या उपयोगाची वस्तू मानण्यालाच तो आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

मार्क्सच्या काळापासूनची कुरबुर

१८४८ च्या 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'त मार्क्स आणि एंगल्स यांनी प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या संस्थांच्या सभासदांना भांडवली समाजवाद्यांच्या यादीत बसवलं आहे. म्हणजे व्यवस्था न बदलता तिचे डाग पुसू पाहणारे लोक. १९३७ साली जॉर्ज ऑरवेलनेही शाकाहारी समाजवाद्यांची टर उडवली. अशा विक्षिप्त मंडळींमुळे सामान्य कामगार समाजवादापासून दूर पळतो, अशी त्याची तक्रार होती.

पण दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. रोझा लक्झेंबर्गने १९१७ साली तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्रात, सैनिकाच्या माराने रक्तबंबाळ झालेल्या म्हशींबद्दल लिहिलं आहे. त्या मुक्या जनावरांत तिला आपलंच दुःख दिसलं. जर्मनीत लिओनार्ड नेल्सन या तत्त्वज्ञाच्या समाजवादी गटाचा तर नियमच होता, सभासदाने मांस खायचं नाही. गंमत म्हणजे हिटलरच्या काळात याच गटाने चालवलेल्या शाकाहारी खानावळींच्या कमाईवर त्यांचं भूमिगत काम चालत असे. म्हणजे 'शाकाहारी समाजवादी लढाऊ नसतो' हा समज इतिहासात टिकत नाही.

आजचे दोन मुख्य मुद्दे

पहिला मुद्दा: शोषितांमध्ये प्राणी मोजायचे का? पीटर सिंगर यांचं 'ॲनिमल लिबरेशन' १९७५ साली आलं. वंश किंवा लिंग पाहून वेदनेची किंमत ठरवणं चूक असेल, तर प्रजाती पाहून ठरवणंही चूक, असा त्यांचा युक्तिवाद. अमेरिकेतल्या डाव्या विचारवंत अँजेला डेव्हिस स्वतः व्हीगन आहेत. ताटातला पदार्थ कुठल्या परिस्थितीतून आला, याचा विचारही करू नये अशी सवय भांडवलशाही लावते, असं त्या मांडतात. यावर विरोधकांचं उत्तर असं: कामगार संघटना बांधू शकतो, संप करू शकतो, स्वतःची सुटका स्वतः करू शकतो. प्राणी ते करू शकत नाही. त्याच्या दुःखाची दखल जरूर घ्यावी, पण त्याला 'शोषित वर्ग' म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा: एकट्याने ताट बदलून काय होणार? अनेक डाव्यांच्या मते भांडवलशाहीत कोणतीच खरेदी निर्दोष नसते. त्यात महागडं बदामाचं दूध म्हणजे कंपन्यांना आणखी एक बाजार. व्हीगन डावे म्हणतात, मग संपात सहभागी झालेल्या एकट्या कामगारानेही काय फरक पडतो? व्यवस्था बदलेपर्यंत आपण मोकळे, ही पळवाट झाली.

कत्तलखान्यात दोन्ही प्रश्न भेटतात

१९०६ साली अप्टन सिंक्लेअर या समाजवादी लेखकाने 'द जंगल' या कादंबरीत शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचे हाल लिहिले. वाचक हादरले, पण आपल्या ताटात काय येतंय या भीतीने. त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. कामगारांचे हाल मागेच राहिले.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात जर्मनीतल्या टोनीज कंपनीच्या एकाच कारखान्यात दीड हजारांहून जास्त कामगार बाधित झाले. त्यात पूर्व युरोपातून कंत्राटावर आणलेले कामगार मोठ्या संख्येने होते. त्यानंतर जर्मनीने मांसउद्योगातल्या मुख्य कामांसाठी ही उपकंत्राटी पद्धत कायद्याने बंद केली. स्वस्त मांसासाठी जनावर आणि माणूस दोघेही एकाच वेगाने राबवले जातात, हे या घटनेने दाखवलं. इथे दोन्ही गटांचं एकमत होऊ शकतं.

भारतात गाडी कुठे अडते?

इथे 'काय खातोस?' हा प्रश्न जातीपासून सुटा करता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाशी जोडून दाखवलं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. केंद्राने २०१७ मध्ये जनावरांच्या बाजारावर निर्बंध आणले, तेव्हा केरळात डाव्या संघटनांनी निषेध म्हणून 'बीफ फेस्टिव्हल' भरवले. जिथे खाण्यावरून घर नाकारलं जातं आणि जमाव माणसं मारतो, तिथे 'मांस सोडा' हे वाक्य दलित आणि मुस्लिमांना वेगळंच ऐकू येतं. ही भीती खोटी नाही.

पण सोवळं आणि व्हीगन विचार एकमेकांच्या उलट आहेत. गाय पवित्र आणि बकरी चालते, हे व्हीगन तर्कात बसत नाही. त्याचा सर्वांत अवघड प्रश्न तर दूध-तूप खाणाऱ्या शाकाहाऱ्यालाच आहे: दूध न देणाऱ्या रेड्याचं आणि भाकड म्हशीचं पुढे काय होतं? दुधाचा आणि मांसाचा धंदा एकाच गोठ्यातून सुरू होतो.

अर्थात इथेही वर्गाचा प्रश्न सुटत नाही. २०२१ मध्ये 'पेटा इंडिया'ने अमूलला वनस्पतीजन्य दुधाकडे वळायला सुचवलं. तेव्हा अमूलचे तत्कालीन प्रमुख आर. एस. सोधी यांनी विचारलं, १० कोटी दूधउत्पादकांच्या पोटाचं काय? दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला पर्याय न देता दुधाला नाही म्हणणं कोणत्याच डाव्याला परवडणारं नाही.

मग वाद कसा वाचायचा?

पुढच्या वेळी असा धागा दिसला की बोलणारा कुणाला उद्देशून बोलतोय ते आधी पाहा. बोट वरच्या दिशेने, म्हणजे मांस आणि दुधाच्या मोठ्या कंपन्यांकडे, सरकारी धोरणाकडे आणि स्वतःच्या ताटाकडे असेल, तर तो प्राण्यांबद्दल बोलतोय. ते फक्त खालच्या वस्तीतल्या हंडीकडे असेल, तर विषय प्राण्यांचा नाही. आणि 'आधी माणसांचं बघू' म्हणणाऱ्यालाही एक विचारता येईल: कत्तलखान्यातल्या कामगारासाठी तुम्ही शेवटचं कधी बोललात?