भाषकाचा कौल

भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘मी भाकरी खाल्ली’ आणि ‘मी भाकरी खाल्लो’. मग म्हणाले, “दुसरे वाक्य ज्यांना चालते त्यांनी हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. सरांनी दुसऱ्या वाक्याच्या आधी एक चांदणी काढली आणि तास पुढे चालू झाला. भाषाविज्ञानात अशी चांदणी म्हणजे ‘भाषकांना हे वाक्य मान्य नाही’ अशी खूण.

रात्री वसतिगृहात माझा खोलीतला सोबती पांघरूण ओढता ओढता म्हणाला, “काय रे, हात का नाही वर केलास? परवा खानावळीतून आल्यावर ‘मी आज तीनच भाकरी खाल्लो’ असं कोण म्हणालं?”

तो नगरचा, मी अक्कलकोट तालुक्यातला. त्याचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे ‘मी काम केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ असेच बोलतात. शाळेत एका निबंधात मी तसे लिहिले, तेव्हा ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यात आले आणि सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांतले निम्मे घरी तसेच बोलणारे होते! त्या दिवसापासून ‘बरोबर का चूक?’ असा प्रश्न आला की माझ्या कानाआधी ती आठवण उत्तर देते. मग सरांच्या चांदणीला माझी साक्ष कितपत खरी धरायची?

मुळात भाषाभ्यासकांना असे विचारावे का लागते? बोललेले आणि लिहिलेले मराठी गोळा करून अभ्यासले तर पुरणार नाही का? पुष्कळ कळेल, पण सगळे नाही. ‘गच्चीवरच्या मांजराने प्राचार्यांची छत्री वाळत घातली’ हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नसावे (प्राचार्यांनी क्षमा करावी). तरी ते मराठी आहे हे आपण क्षणात सांगतो. ‘मला काल मुंबईला गेलो’ हेही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण ते मराठी नव्हे, हेही तितक्याच क्षणात सांगतो. वाक्य आढळत नाही, एवढ्यावरून ते भाषेत अशक्य आहे असे ठरत नाही. ते ठरवायला भाषकाचा कौल लागतो. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’पासून वाक्यविचारात या कौलाला पुराव्याचे स्थान मिळाले.

पण कौल देणारा माणूस असतो. ‘गोपाळने रमेशने सुरेश आजारी आहे असे सांगितले असे कळवले’ हे वाक्य वाचून पाहा. बहुतेक जण नाक मुरडतील. आता हे पाहा: ‘गोपाळने कळवले की रमेशने सांगितले की सुरेश आजारी आहे.’ आशय तोच, अडचण काही नाही. पहिल्या वाक्यात नियमभंग कोणता? कोणताच नाही. वाक्यात वाक्य कोंबल्याने आपली स्मरणशक्ती दमते, एवढेच. म्हणून चॉम्स्की यांनी १९६५ साली वाक्य व्याकरणात बसणे आणि ते ऐकणाऱ्याला रुचणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. भाषक आपल्याला दुसरी सांगतो. पहिली त्यावरून अभ्यासकाने ताडायची असते. शिवाय तेच वाक्य दहादा ऐकवले की कान सरावतो आणि अकराव्या वेळी काहीही चालेलसे वाटू लागते.

शाळेची भीती ही त्यातली आणखी एक भेसळ. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह यांना फिलाडेल्फियात असे लोक भेटले, की एक विशिष्ट रचना आपण कधीच वापरत नाही असे ते प्रामाणिकपणे सांगत आणि बोलण्याच्या ओघात तीच वापरत. हे वाचले तेव्हा मला फार धीर आला. मी खोटे बोललो नव्हतो. मला फक्त ऐकू आले नव्हते.

गोष्ट आपल्याकडेही जुनीच आहे. पतंजलीच्या महाभाष्यात एक वैयाकरण सारथ्याला विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणतो, मी ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथी त्याला ऐकवतो, की तुम्हांला नियम कुठे लागू पडतो ते कळते, पण भाषेला काय इष्ट आहे ते कळत नाही. पाणिनीचे सूत्र पाठ असलेल्याला रथ हाकणाऱ्याने निरुत्तर करावे, आणि ते व्याकरणाच्याच ग्रंथात नोंदले जावे, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

आता कोणी म्हणेल, मग कौल घेणेच सोडून द्यावे. तसे नाही. अभ्यासक आपल्याच कानावर विसंबून चांदण्या काढत सुटतात, अशी टीका बरीच झाली. म्हणून स्प्राउस, शूट्झ आणि अल्मेडा यांनी एका प्रसिद्ध नियतकालिकातील २००१ ते २०१० या काळातल्या लेखांमधून १४८ वाक्यजोड्या निवडल्या व त्या शेकडो सामान्य इंग्रजी भाषकांपुढे ठेवल्या. २०१३ साली त्यांनी जाहीर केले, की सुमारे ९५ टक्के बाबतींत लोकांचा आणि अभ्यासकांचा कौल जुळला. मात्र ही परीक्षा इंग्रजीची होती. आमच्या सीमेवरच्या मराठीची अशी परीक्षा पाहायची, तर आधी ‘तुम्ही कुठले?’ हे विचारावे लागेल.

कारण ‘मी भाकर खाल्लो’ ही बेशिस्त नव्हे. प्रमाण मराठीत हा कर्मणी प्रयोग, म्हणून क्रियापद भाकरीप्रमाणे चालते. आमच्याकडे ते ‘मी गेलो’सारखे कर्त्याप्रमाणे चालते. ‘मी भाकर खाल्ला’ म्हणून पाहा, आमच्या गावातही चांदणी मिळेल. आणि पारख करायची तर क्रियापद नीट निवडायला हवे. ‘मी दूध प्यालो’ हे पुण्यातही चालते, त्यावरून काहीच कळणार नाही.

दिवाळीच्या सुटीत वही घेऊन मी थेट काकांकडे गेलो. विचारले, “काका, ‘मी चहा घेतलो’ हे बरोबर आहे का?” काका चष्मा पुसत म्हणाले, “पुस्तकात काय लिहिलंय ते सांग बघू. तेच बरोबर.” मी तसे लिहून घेतले. अर्ध्या तासाने काकू कप घेऊन बाहेर आली, तर काका म्हणाले, “नको गं, मी आत्ताच घेतलो की चहा.”

तेही मी लिहून घेतले, समोरच्या पानावर.