राजगड-तोरण्याच्या धारेवर बर्फाची तालीम

भोर आणि वेल्हे तालुक्यांत बर्फ पडत नाही. तरीही पुण्याहून हिमालयात जाणाऱ्या कितीतरी गिर्यारोहकांच्या पायांना डोंगराची पहिली सवय इथल्याच वाटांवर लागली. भरलेल्या सॅक पाठीवर घेऊन शनिवारी संध्याकाळी वेल्ह्याची एसटी गाठणारी पोरं-पोरी पुण्याला नवीन नाहीत. त्यांतले बहुतेक रविवारी रात्री घरी परततात आणि सोमवारी कामाला लागतात. काही जण पुढे उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फात जाऊन येतात, काही उत्तरकाशीला किंवा मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स करतात. आणि अगदी थोडे आठ हजार मीटरपर्यंत पोचतात.

१९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. पुण्यात १९८२ साली स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट मोहीम काढली, आणि संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत माथ्यावर पोचले. २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजंगावर गेले. या शहराजवळ ना हिमनदी आहे, ना बर्फाची भिंत. आहेत ते सह्याद्रीचे गड आणि त्यांना जोडणाऱ्या धारा.

त्यातली सर्वात नावाजलेली धार राजगड-तोरण्याची. एका अंगाला कानंदी-गुंजवणीचे खोरे म्हणजे वेल्ह्याचा मुलूख. याच तालुक्याचे नाव आता राजगड ठेवले आहे. दुसऱ्या अंगाला वेळवंडीचे खोरे आणि भाटघर धरणाचे पाणी, म्हणजे भोर. दोन्ही गडांची उंची सारखीच वाटावी अशी: राजगड पावणेचौदाशे मीटरच्या आसपास, तोरणा चौदाशेच्या घरात. तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वात उंच गड. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या टोकाकडून अळू दरवाजाने उतरायचे, धारेने चालत मधली खिंड गाठायची आणि पुन्हा चढून बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचे. शेवटी बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतार. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही, पण सॅक पाठीवर असली की धारेवरच सहा-सात तास सहज जातात.

पूर्वी या भटकंतीतली रात्र राजगडावर पद्मावतीच्या देवळात जायची. बाहेर तळे, आत पथाऱ्या, कुठल्यातरी कोपऱ्यात खिचडीचे पातेले. आता गडावरच्या मुक्कामावर पुरातत्त्व विभागाचे निर्बंध आहेत. जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यामुळे ही शिस्त आणखी गरजेची ठरते. म्हणून अनेक गट गुंजवण्यात घरगुती जेवण घेऊन रात्र काढतात आणि पहाटे चढायला लागतात. डोंगरावरच रात्र हवी असेल तर भोरकडून रायरेश्वर आहे. शिडी चढून गेले की विस्तीर्ण पठार लागते, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जंगम कुटुंबांकडे पिठलं-भाकरीची आणि पाठ टेकण्याची सोय होते.

आता मुद्दा असा, की बर्फ नसलेल्या या वाटांवर बर्फासाठी शिकण्यासारखे काय आहे?

पहिली गोष्ट ओझ्याची. धारेवर पाण्याची खात्री नसते, म्हणून माणशी तीन-चार लिटर पाणी घ्यावे लागते. तेवढ्यानेच वजन तीन-चार किलो होते. त्यात स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, हेडटॉर्च, खाणे आणि गरम कपडे धरले की सॅक दहा किलोंच्या पुढे जाते. जड सामान पाठीलगत आणि मध्यावर नसेल, तर प्रत्येक वळणावर सॅक माणसाला दरीकडे ओढते. अळू दरवाजाखालच्या घसाऱ्यावर किंवा बुधला माचीच्या रॉकपॅचवर हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट घामाची, आणि ती ओझ्याहून मोलाची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे राजगड चढणारा माणूस घामाने चिंब होतो. माचीवर पोचून वाऱ्यात पाच मिनिटे थांबला की हुडहुडी भरते. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने शोषून घेते. इथे याची किंमत एखादे पडसे असते. शून्याखाली वीस अंशांवर हीच चूक जीवावर बेतते. म्हणून जाणते ट्रेकर कोरडा टी-शर्ट सॅकच्या अगदी वर ठेवतात, थांबल्याबरोबर कपडे बदलतात आणि मुळात घाम फुटणार नाही अशा चालीने चढतात.

तिसरी गोष्ट दृष्टिभयाची. दोन्ही बाजूंना दरी, पायाखाली हातभर वाट, आणि तरीही श्वास एका लयीत ठेवायचा. ही सवय धारेवर चालूनच होते. आरडाओरडा न करण्याची सवयही इथलीच. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, आणि गोंगाट किंवा धूर झाला की माशा उठतात.

सह्याद्री जे शिकवत नाही, ते मात्र स्पष्ट सांगायला हवे.

दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम नऊ अंशांनी थंड. विरळ हवेचा त्रास तर इथे होतच नाही. साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. तिथे शरीराला जुळवून घ्यायला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. आणि इथेच सह्याद्रीतला दमदार गडी फसतो. राजगड दीड तासात चढणारा तरुण हिमालयातही तोच वेग धरतो. पण तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. डोकेदुखी, मळमळ ही सुरुवात असते. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागले, तर प्राणवायू आणि औषधे हाताशी असली तरी पहिला उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणे. ‘मला काही होत नाही’ ही फुशारकी सह्याद्रीत खपून जाते, तिथे नाही.

बूटही बदलतात. कातळावर चिकटणारा मऊ रबरी तळ कडक बर्फावर निरुपयोगी ठरतो. तिथे क्रॅम्पॉन बसतील असे ताठ तळाचे बूट लागतात, आणि हातात आइस-अॅक्स. घसरल्यावर तिच्या आधाराने स्वतःला कसे थांबवायचे, हे पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी जवळपास महिनाभराचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागतो. चष्माही चैनीचा नसतो. ताजा बर्फ अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो आणि उघडे डोळे काही तासांत भाजतात.

घड्याळही वेगळे चालते. हिमशिखरावरची अंतिम चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, कारण रात्री बर्फ गोठून घट्ट असतो. ऊन चढले की तो भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, हिमप्रपाताचा आणि हिमभेगांवरचे बर्फाचे पूल खचण्याचा धोका वाढतो. म्हणून परतीची वेळ आधीच ठरवतात, आणि ती झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी वळायचे असते.

हा निर्णय घेण्याची तालीम करायला राजगड-तोरण्याच्या मधली खिंड ही नामी जागा आहे. तिथे डांबरी रस्ता आडवा येतो. सकाळपासून चाललेला गट दुपारी इथे टेकतो, तेव्हा बुधला माची समोर दिसत असते आणि बाटल्यांतले पाणी तळाला गेलेले असते. अशा वेळी अनुभवी म्होरक्या तीन गोष्टी विचारतो: पाणी किती उरले, कुणाचा गुडघा बोलतोय, आणि अंधार पडायला किती तास आहेत. उत्तरे समाधानकारक नसली, तर तोरणा पुढच्या खेपेला ठेवून सगळा गट रस्त्याने वेल्ह्याकडे उतरतो.