पर युनिट : बेस बदलताना

• यंत्राच्या पाटीवरचा पर युनिट इम्पिडन्स त्या यंत्राच्याच क्षमतेवर आणि व्होल्टेजवर काढलेला असतो. संपूर्ण जाळ्याचे गणित मांडण्यापूर्वी सगळे आकडे एकाच एमव्हीए बेसवर आणावे लागतात. बहुधा १०० एमव्हीएवर.

• सूत्र : नवा इम्पिडन्स = जुना इम्पिडन्स × (नवा एमव्हीए ÷ जुना एमव्हीए) × (जुना केव्ही ÷ नवा केव्ही)²

• उदाहरण : जनित्र ५० एमव्हीए, ११ केव्ही, ०.२० पर युनिट. नवा बेस १०० एमव्हीए, १०.५ केव्ही. उत्तर : ०.२० × २ × (११ ÷ १०.५)² = ०.४३९.

• पडताळा : बेस ओहम = केव्ही² ÷ एमव्हीए. जुन्या बेसवर ०.२० × २.४२ = ०.४८४ ओहम, नव्या बेसवर ०.४३९ × १.१०२५, म्हणजे तेवढेच.

• व्होल्टेजचे गुणोत्तर उलटे आणि वर्गात येते. प्रत्येक उत्तर ओहममध्ये पडताळूनच पुढे जा.