युरेनियमची गोळी आणि प्राणवायू

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही सायंकाळी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दिवे लागले की, "गुरुजी, वीज येते कोठून?" हा प्रश्न आम्हालाही चुकत नाही. त्या उत्तराचा एक धागा पालघर जिल्ह्यातील तारापूरपर्यंत जातो. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले.

तेथील इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. त्या हायड्रोजनच्या वातावरणात भाजून झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद करतात. एवढी दक्षता का? याचे उत्तर स्फटिकाच्या रचनेत आहे.

एक घन डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यभागी युरेनियमचे अणू. याच घनाचे आठ छोटे घन कल्पिले, तर प्रत्येकाच्या मध्यभागी ऑक्सिजनचा एक अणू. मोठ्या घनाचे केंद्र मात्र रिकामे. हवेत तापल्यावर बाहेरचा ऑक्सिजन प्रथम अशाच रिकाम्या जागांलगत शिरतो. युरेनियमचा सांगाडा टिकून राहतो. घन तर किंचित आकसतो. चार युरेनियममागे आठऐवजी नऊ ऑक्सिजन झाले, तरी गोळी शाबूत असते.

परंतु काहीशे अंश तापमानात ऑक्सिजन येतच राहिला, तर जुनी चौकट मोडते. तीन युरेनियममागे आठ ऑक्सिजन असलेली, थरांची नवी रचना तयार होते. तीच युरेनियम आता सुमारे ३६ टक्के अधिक जागा व्यापते. घट्ट गोळीची भुकटी होते आणि नळीला चीर असेल तर ती आतून अधिक फाटते.

पेठच्या पावसात स्लॅबमधील सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचे पापुद्रे पाडते, हे आपण पाहतोच. रसायन वेगळे, पण जागेचा हिशेब तोच. म्हणून वापरलेले इंधन प्रथम पाण्याच्या कुंडात ठेवतात. पाणी उष्णता आणि किरणोत्सर्ग आवरते, तसेच तापलेल्या इंधनाला हवेपासून दूर ठेवते. पुढे कोरड्या पात्रांत ठेवायचे झाल्यास हेलियमसारखा निष्क्रिय वायू भरतात.

अणुशक्तीची नुसती धास्ती नको आणि भाबडा विश्वासही नको. नळी बंद आहे ना, पाणी पुरेसे आहे ना, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे. मात्र तो बजावण्यासाठी कारण ठाऊक असावे लागते. आमच्या लेकरांनी दिव्याखाली वाचावे, आणि दिव्यामागचे कारणही विचारावे.