नात्यातला शत्रू

पावसाळ्यात लोणच्यावर बुरा चढला की गृहिणी हळहळते, बरणी रिकामी करते आणि ती गोष्ट विसरून जाते. पण बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेतून रोजच आपल्या फुप्फुसांत जात असतात, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. निरोगी देहातील पांढऱ्या पेशी या आगंतुकांचा निमूटपणे निकाल लावतात.

रक्ताच्या कर्करोगावर तीव्र औषधे दिली की नेमके हे पहारेकरीच नाहीसे होतात. एका घन मिलिमीटर रक्तातील न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली जाऊन तेथेच आठवडा-दोन आठवडे रेंगाळल्या, की अ‍ॅस्परजिलस ही बुरशी फुप्फुसात तंतू पसरते आणि रक्तवाहिन्या भेदते. मूळ रोग हटत असतानाच रोगी दुसऱ्याच शत्रूच्या तावडीत सापडतो.

जंतूंवरील औषधे येथे का चालत नाहीत? कारण बुरशी ही जंतूंपेक्षा आपल्याच अधिक जवळची. तिच्या पेशीची रचना आपल्या पेशीसारखी. म्हणून तिला मारणारे विष आपल्यालाही बाधण्याचा संभव फार. भेद आहे तो थोडका. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल. या भेदावरच बरेचसे उपचार उभे आहेत.

१९५५ च्या सुमारास मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे औषध अर्गोस्टेरॉललाच धरते. मात्र त्याने हुडहुडी भरते व मूत्रपिंडांना इजा होते. पुढे ते स्निग्ध कणांत गुंडाळून देता येऊ लागले, तेव्हा हा उपद्रव कमी झाला. व्होरिकोनॅझोल अर्गोस्टेरॉल घडूच देत नाही. अ‍ॅस्परजिलसच्या रोग्यांवरील २००२ सालच्या एका तुलनेत बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोल घेणारे शेकडा ७१ रोगी हयात होते. जुने अ‍ॅम्फोटेरिसिन घेणारे ५८. पण २०२१ साली ‘काळी बुरशी’ म्हणून घरोघरी ठाऊक झालेल्या म्यूकरवर व्होरिकोनॅझोल निरुपयोगी. तेथे अ‍ॅम्फोटेरिसिनच हवे. म्हणून शत्रू कोणता, हे ओळखणे अगत्याचे.

पण ओळख पटेपर्यंत थांबण्यास नेहमीच सवड नसते. जंतुनाशके देऊनही चार-पाच दिवस ताप हटला नाही, तर छातीचे सीटी चित्र काढतात, रक्त तपासतात आणि पुष्कळदा पुरावा पुरा होण्यापूर्वीच औषध सुरू करतात. अतिजोखमीच्या रोग्यांना तर ते आधीपासूनच देतात.

इतके करूनही औषध बहुधा एकट्याने लढाई जिंकत नाही. ते रोग्याला अवधी मिळवून देते. तेवढ्या अवधीत पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर परतल्या, म्हणजे तो वाचण्याची आशा खऱ्या अर्थाने बळावते.