बदल कधी थांबवावा, प्रयोग कुठे करावा?

भोसरी, पिंपरी आणि चाकण पट्ट्यात आपले अनेक कारागीर बांधव मोठ्या कारखान्यांसाठी डाय, जिग व सुटे भाग बनवतात. जवळच हिंजवडीत संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी तरुण मुले आहेत. दोन्हीकडे एक शब्द सारखाच ऐकू येतो, 'फ्रीझ'. ठरलेल्या तारखेनंतर ड्रॉइंगमध्ये किंवा प्रोग्राममध्ये नवे काही घालायचे नाही, सापडलेली चूक तेवढी दुरुस्त करायची, असा त्याचा अर्थ.

आम्हा कपडेवाल्यांना शब्द नवा, गोष्ट जुनी. ईदच्या मालाची बीम मागावर चढली की डिझाइन बदलत नाहीत. बदलायचे तर ताणा कापावा लागतो, आणि चांदरातीनंतर पोचलेल्या मालाला गिऱ्हाईक नसते. (दुकानातली मंडळी शेवटच्या दिवसापर्यंत नवा रंग सुचवतातच!)

पिंपरीच्या टेल्कोने, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सने, इंडिका गाडी जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली आणि डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आणली. नोंदणी एक लाखावर गेली. पुढे गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. कंपनीने विक्री चालू ठेवून सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' या वेगळ्या नावाने सुधारलेली गाडी काढली. गिऱ्हाइकाला जुने कोणते व नवे कोणते हे कळले. ती गाडी चांगली चालली.

प्रोग्रामवाले हेच निराळ्या रीतीने करतात. विक्रीला जाणारी प्रत कुलूपबंद ठेवतात आणि प्रयोगासाठी तिचीच दुसरी प्रत काढतात. तिला ते 'ब्रँच' म्हणतात. प्रयोग फसला तर ती प्रत टाकून द्यायची, मूळ मालाला धक्का नाही.

मात्र प्रयोग अजिबात बंद ठेवणेही महाग पडते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून भारत स्टेज-३ गाड्यांची विक्री व नोंदणी बंद केली, तेव्हा देशभर आठ लाखांवर गाड्या विक्रीविना उभ्या होत्या. उरलेल्या दोन दिवसांत दुचाक्या मोठ्या सवलतीत काढाव्या लागल्या.

छोट्या कारखानदाराचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. डायचे पोलाद एकदा कापले की परत वाढत नाही. वेल्डिंगने भरा, पुन्हा मशिनवर घ्या, पुन्हा घासा. हा खर्च कोणाचा? 'थोडासाच बदल आहे' असे फोनवर सांगितले जाते आणि बिलाच्या वेळी तो फोन कोणाला आठवत नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच ड्रॉइंगचा नंबर, तारीख आणि कितवी दुरुस्ती हे लिहून घ्यावे. त्यानंतरच्या बदलाचा दर व वाढीव मुदत वेगळ्या कागदावर, सहीनिशी. साहेब नाराज होतील अशी भीती वाटते खरी, पण मोठे कारखाने आपल्या आत प्रत्येक बदलाला सही मागतातच. तीच सही आपण मागितली तर त्यात गैर काय?

नवा प्रयोग करायचा असेल तर त्याच डायवर नको. भंगारातला तुकडा घ्या, रात्रपाळीत मशिन रिकामी असेल तेव्हा करा, आणि नमुन्यावर रंगाने खूण करा, नाहीतर तो चुकून मालाच्या पेटीत जातो.